जात दिसली, रंग दिसला नाही : अमेरिकन मिशन, कोल्हापूर आणि अर्धवट समतेचा इतिहास

१.
कोल्हापुरात वायल्डर मेमोरियल चर्च नावाची जुनी वास्तू आहे. तिच्यावरून रोज हजारो माणसे जातात. हे वायल्डर कोण, असा प्रश्न मात्र फारसा कुणाला पडत नाही. रॉयल गोल्ड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्या वेळी त्यांच्या देशात लक्षावधी माणसे गुलाम होती, आणि त्या गुलामांचे अनेक मालक दर रविवारी चर्चमध्ये प्रार्थना करीत होते. आपल्याकडे येऊन जातिभेदाविरुद्ध बोलणाऱ्या अमेरिकन धर्मोपदेशकांनी आपल्या घरातील वर्णभेदाचे काय केले? आणि मराठी माणसाने हा विरोधाभास कसा वाचला? आजचा हा दीर्घ धागा या दोन प्रश्नांविषयी आहे.

२.
प्रथम एक संज्ञा स्पष्ट करू. ‘इव्हँजेलिकल’ म्हणजे सुवार्तावादी ख्रिस्ती परंपरा. बायबल हाच अंतिम आधार, पश्चात्तापातून प्रत्येक व्यक्तीचा ‘नवा जन्म’ आणि ती सुवार्ता जगभर पोहोचवण्याची तळमळ, ही तिची लक्षणे. यातील ‘प्रत्येक व्यक्ती’ हे शब्द ध्यानात ठेवावेत. पाप व्यक्तीचे आणि मुक्तीही व्यक्तीची, या धारणेत या परंपरेचे बळ आहे. तिची मर्यादाही तिथेच आहे, हे पुढे दिसेल.

३.
‘अमेरिकन बोर्ड’ ही परदेशी मिशन चालवणारी संस्था १८१० मध्ये स्थापन झाली. तिचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. १८३१ मध्ये अहमदनगर हे ठाणे सुरू झाले आणि ‘अमेरिकन मराठी मिशन’ या नावाने ते रुजले. १८२७ मध्ये आलेल्या सिंथिया फॅरार यांनी पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. त्या शाळा पाहून जोतीराव फुले यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. म्हणजेच एकोणिसाव्या शतकातील मराठी समाजसुधारणेच्या पायाभरणीत या अमेरिकन मंडळींचा वाटा होता. तो नाकारण्याचे कारण नाही.

४.
जातीविषयी या मिशनची भूमिका कडक होती. जात हा केवळ सामाजिक रिवाज नसून ते धार्मिक पाप आहे, म्हणून चर्चमध्ये तिला थारा नाही, असे ते मानत. नगरच्या मंडळीत हरी रामचंद्र खिस्ती यांच्यासारखे ब्राह्मण धर्मांतरित आणि महार समाजातून आलेले ख्रिस्ती एकाच प्रभुभोजनाला बसत. याच बोर्डाच्या दक्षिणेतील मदुरा मिशनने १८४७ मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले. जात सोडल्याचा पुरावा म्हणून सर्वांनी एकत्र जेवावे, असा आग्रह तेथे धरण्यात आला आणि नकार देणाऱ्या सभासदांना मंडळीतून निलंबित करण्यात आले. येथे सवलत नव्हती आणि मुदतही नव्हती.

५.
आता याच बोर्डाचे दुसरे दृश्य पाहू. परदेशी गेलेली पहिली अविवाहित अमेरिकन स्त्री मिशनरी म्हणून अनेकदा सिंथिया फॅरार यांचे नाव घेतले जाते. परंतु त्यांच्या पाच वर्षे आधी, १८२२ मध्ये, बेट्सी स्टॉकटन याच बोर्डातर्फे हवाई बेटांकडे निघाल्या होत्या. त्या कृष्णवर्णीय होत्या. प्रिन्स्टन येथे गुलामीत जन्मलेल्या आणि नंतर मुक्त झालेल्या. त्यांच्या करारात त्यांचे स्थान मोठ्या नाजूकपणे ठरवले होते. त्यांना नोकर मानायचे नाही, पण बरोबरीचेही मानायचे नाही. विनम्र ख्रिस्ती स्नेही मानायचे. हवाईत त्यांनी सामान्य रयतेच्या मुलांसाठी शाळा चालवली. ‘पहिली’ हा मान मात्र दीर्घकाळ दुसरीकडेच राहिला.

६.
१८४५ मध्ये बोर्डाची वार्षिक सभा ब्रुकलिन येथे भरली. अमेरिकेतील चेरोकी आणि चोक्टॉ या आदिवासी राष्ट्रांमध्ये बोर्डाची मिशने होती. त्या राष्ट्रांतील काही सधन कुटुंबांकडे कृष्णवर्णीय गुलाम होते आणि गुलामांचे हे मालक चर्चचे सभासदही होते. त्यांना मंडळीतून काढावे काय, असा प्रश्न गुलामगिरीविरोधकांनी उपस्थित केला. तेव्हा एडवर्ड बीचर यांनी मांडलेली एक संकल्पना चर्चेत आली. तिचा आशय असा : काही पापे समाजाच्या रचनेतच मुरलेली असतात. गुलामगिरीची व्यवस्था पाप आहे, पण कायद्याने तिच्यात बांधला गेलेला प्रत्येक मालक व्यक्तिशः पापी ठरतोच असे नाही. बोर्डाने सरसकट बहिष्काराचा मार्ग नाकारला.

७.
या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. १८४५ मध्ये गुलामांच्या मालकाला सांगितले गेले की तुझे पाप व्यवस्थेचे आहे, तू मंडळीत राहू शकतोस. १८४७ मध्ये मदुरेतील तमिळ ख्रिस्ती माणसाला सांगितले गेले की जात हे तुझे स्वतःचे पाप आहे, एका पंक्तीत जेव, अन्यथा बाहेर जा. वास्तविक जात ही गुलामगिरीपेक्षा कमी ‘रचनेतील’ गोष्ट नव्हती. जन्म, विवाह, व्यवसाय, वस्ती, पाणवठा अशा सर्व बाजूंनी ती माणसाला जखडत होती. तरीही एका समाजाला व्यवस्थेची सबब मिळाली आणि दुसऱ्याला मिळाली नाही. जात सोडण्याचा आग्रह माझ्या मते रास्तच होता. तोच आग्रह घरी धरला गेला नाही, ही खरी तक्रार आहे.

८.
त्या काळीही हे सर्वांना मान्य नव्हते. नाराज गुलामगिरीविरोधकांनी १८४६ मध्ये ‘अमेरिकन मिशनरी असोसिएशन’ ही वेगळी संस्था काढली. त्याआधी, १८४५ मध्येच, दक्षिणेतील बाप्टिस्टांनी उलट्या कारणासाठी फारकत घेतली होती. गुलामांच्या मालकाला मिशनरी म्हणून नेमता येते की नाही, या वादातून ‘सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन’चा जन्म झाला. अमेरिकन बोर्डाने चोक्टॉ मिशनशी संबंध तोडला तो १८५९ मध्ये आणि चेरोकी मिशनशी १८६० मध्ये. यादवी युद्ध तोवर उंबरठ्यावर आले होते.

९.
येथे एक बाजू नोंदवली नाही तर अन्याय होईल. याच बोर्डाचे सॅम्युएल वूस्टर चेरोकींच्या हक्कांसाठी १८३१ मध्ये जॉर्जिया राज्याच्या तुरुंगात गेले होते. त्यांच्या नावाचा १८३२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा आजही अमेरिकेतील आदिवासींच्या सार्वभौमत्वाचा आधार मानला जातो. म्हणजे या लोकांत धैर्याची वानवा नव्हती. जॉर्जिया राज्याचा अन्याय त्यांना लख्ख दिसत होता. आपल्याच मंडळीतील सभासदांच्या घरी राबणारे गुलाम पाहताना मात्र तीच नजर अडखळत होती.

१०.
आता कोल्हापूर. वायल्डर १८४६ मध्ये नगरला आले आणि १८५२ मध्ये कोल्हापूरला. १८५४-५५ मध्ये बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन पाहणीसाठी भारतात आले. स्थानिक चर्च स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या पाळकांनी चालवावे, हा त्यांचा आग्रह. त्यातून इंग्रजी शाळांना कात्री लागली. वायल्डर यांनी याला कडाडून विरोध केला. शाळा हेच समाजाला भिडण्याचे साधन आहे, असे त्यांचे मत होते. वरवर हा दोन गोऱ्या माणसांमधील धोरणाचा वाद आहे. परंतु त्याच्या पोटात कळीचा प्रश्न दडला होता : येथील मुलांना कोणती भाषा आणि किती शिक्षण हवे, हे कोणी ठरवायचे? तो प्रश्न त्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना विचारला गेला नाही.

११.
बोर्डाशी संबंध तुटल्यानंतर वायल्डर १८६१ मध्ये स्वतःच्या बळावर कोल्हापुरात परतले. १८७० मध्ये त्यांचे मिशन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेले. यातही अमेरिकेच्या वर्णसंघर्षाची सावली आहे. प्रेस्बिटेरियन चर्च १८६१ मध्ये यादवी युद्धाच्या तोंडावर उत्तर आणि दक्षिण असे दुभंगले होते. कोल्हापूरचे मिशन उत्तरेकडील चर्चचे. हे दोन तुकडे पुन्हा एकत्र आले ते १९८३ मध्ये, म्हणजे १२२ वर्षांनी. कोल्हापूरला मिशनरी पाठवणारे चर्च त्या सर्व काळात स्वतः गुलामगिरीच्या प्रश्नावर फुटलेले होते.

१२.
१८७३ मध्ये जोतीरावांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याची अर्पणपत्रिका अमेरिकेतील सज्जन लोकांना उद्देशून आहे. त्यांनी काळ्या गुलामांना मुक्त केले, त्याबद्दल आदर व्यक्त करून आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी हा कित्ता गिरवावा, अशी आशा जोतीरावांनी व्यक्त केली. पुण्यात बसून जात आणि वंश यांना एकाच चौकटीत आणणारी ही झेप आजही थक्क करते. पण त्याच वर्षी १३ एप्रिल रोजी, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातील कोलफॅक्स येथे सशस्त्र गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीय नागरिकांची कत्तल केली. १८७७ पर्यंत दक्षिणेतून संघराज्याचे सैन्य मागे घेतले गेले आणि मुक्त झालेल्यांचे राजकीय हक्क पुढील काही दशकांत हिरावले गेले. जोतीरावांनी अमेरिकेच्या एका उज्ज्वल क्षणाला वंदन केले होते. तो क्षण अल्पायुषी ठरला.

१३.
अमेरिकन सुवार्तावाद म्हणजे केवळ गोरे लोक, असा समज करून घेऊ नये. फिलाडेल्फियातील एका चर्चमध्ये प्रार्थना करीत असलेल्या कृष्णवर्णीय भक्तांना गुडघ्यांवरून उठवण्याचा प्रयत्न झाला. त्या अपमानानंतर बाहेर पडलेल्या रिचर्ड ॲलन यांनी १८१६ मध्ये स्वतंत्र ‘आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च’ उभे केले. मंदिरप्रवेशाचा इतिहास जाणणाऱ्या मराठी वाचकाला हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागत नाही. याच चर्चच्या अमांडा स्मिथ १८७९ मध्ये भारतात आल्या. त्यांचा जन्म मेरीलँडमध्ये गुलामीत झाला होता; वडिलांनी कष्टाने पैसे साठवून कुटुंबाचे स्वातंत्र्य विकत घेतले होते. कपडे धुऊन पोट भरणाऱ्या या स्त्रीने सुमारे दोन वर्षे मुंबई, कलकत्ता, नैनिताल येथील सभांतून प्रवचने केली. १८९३ मध्ये त्यांनी आत्मचरित्रही लिहिले. मराठी मिशन-इतिहासात त्यांचे नाव क्वचितच आढळते.

१४.
१८८६ मध्ये पंडिता रमाबाई आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेस गेल्या आणि जवळपास तीन वर्षे तेथे फिरल्या. १८८९ मध्ये त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे मराठी पुस्तक आले. अमेरिकेतील स्त्रियांच्या संस्था, शिक्षण आणि लोकशाही यांचे त्यात मनःपूर्वक कौतुक आहे. त्याचबरोबर तेथील मूळ रहिवाशांवरील अन्याय आणि कृष्णवर्णीयांविषयीचा द्वेष यांकडेही त्यांनी डोळेझाक केलेली नाही. ही भूमिकांची अदलाबदल लक्षात घ्यावी. तोवर अमेरिकन मिशनरी आपल्या समाजाची वर्णने लिहून मायदेशी पाठवीत असत. येथे एका मराठी ख्रिस्ती स्त्रीने त्यांच्या समाजाचे वर्णन लिहून आपल्या लोकांसमोर ठेवले.

१५.
रमाबाईंच्या अमेरिकन सहकाऱ्यांत फ्रान्सिस विलर्ड या प्रमुख होत्या. मद्यपानबंदी चळवळीच्या त्या नेत्या आणि तळमळीच्या सुवार्तावादी. १८९४ मध्ये कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी इंग्लंडमध्ये विलर्ड यांच्यावर जाहीर टीका केली. दक्षिणेत गोरे जमाव कृष्णवर्णीयांना ठार मारीत असताना विलर्ड यांनी १८९० मधील एका मुलाखतीत काढलेले उद्गार त्या हिंसेच्या समर्थकांना बळ देणारे होते, असे वेल्स यांनी दाखवून दिले. रमाबाईंच्या कार्याला मनापासून साहाय्य करणारी व्यक्ती आपल्या देशातील कृष्णवर्णीय स्त्रीशी संवाद साधताना कमी पडली. दूरच्या पीडितेविषयी करुणा वाटणे सोपे असते. शेजारच्या पीडितेला न्याय देताना आपले हितसंबंध आड येतात.

१६.
पुन्हा कोल्हापूरकडे येऊ. वायल्डर यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मला. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे प्रख्यात प्रवचनकार डी. एल. मूडी यांच्या निमंत्रणावरून विद्यार्थ्यांचे शिबिर भरले. शिबिराच्या अखेरीस शंभर तरुणांनी परदेशी मिशनकार्याची प्रतिज्ञा केली. यामागे कोल्हापूरच्या या मुलाची धडपड होती. त्यातूनच ‘स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट’ ही विसाव्या शतकाच्या आरंभीची प्रचंड विद्यार्थी-चळवळ उभी राहिली. याच मूडी यांनी दहा वर्षांपूर्वी, १८७६ मध्ये, जॉर्जियातील ऑगस्टा येथील आपल्या सभांत गोऱ्या आणि काळ्या श्रोत्यांची विभागणी मान्य केली होती.

१७.
त्या शिबिरात ‘दहा राष्ट्रांची सभा’ झाली आणि तिने तरुणांना भारून टाकले. जपानी, सयामी, आर्मेनियन, नॉर्वेजियन, डॅनिश, जर्मन आणि अमेरिकन आदिवासी तरुण आपापल्या लोकांविषयी बोलले. चीन, भारत आणि इराण यांच्या वतीने मात्र तेथील मिशनऱ्यांचे मुलगे बोलले. म्हणजे विविधतेच्या त्या सोहळ्यात भारताचा आवाज गोऱ्या मुलाचा होता. त्यात कुणाचा दुष्ट हेतू नव्हता, आणि म्हणूनच ते अधिक बोलके आहे. तो मुलगा स्वतःला खऱ्या प्रेमाने भारताचा मानत असेल. पण भारतीय माणूस त्या व्यासपीठावर नव्हता.

१८.
दक्षिण महाराष्ट्रात मात्र मिशनच्या कामाचे प्रत्यक्ष परिणाम दिसत होते. विल्यम वॉन्लेस १८८९ मध्ये आले आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. सर्व जातींचे रुग्ण तेथे येत. शेजारच्या संस्थानात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांची मालिका सुरू केली. १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखीव ठेवल्या. १९१९ मध्ये शाळा, दवाखाने, विहिरी यांठिकाणी अस्पृश्यता न पाळण्याचे हुकूम काढले. येथे दोन पद्धतींमधील फरक दिसतो. मिशन माणसाचे मन बदलू पाहत होते. शाहू महाराज नियम बदलत होते. ‘रचनेतील पाप’ असेल तर रचनेलाच हात घातला पाहिजे, हा १८४५ च्या ब्रुकलिन सभेला न सुचलेला निष्कर्ष कोल्हापूरच्या दरबारी हुकमांत उतरला होता.

१९.
१९०५ मध्ये केडगावच्या रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मोठे आध्यात्मिक पुनरुज्जीवन झाले. पुढच्या वर्षी, एप्रिल १९०६ मध्ये, लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सीमोर यांच्या सभा सुरू झाल्या. सीमोर हे पूर्वाश्रमीच्या गुलामांचे पुत्र. त्यांच्या सभांत काळे, गोरे, मेक्सिकन खांद्याला खांदा लावून प्रार्थना करीत. आज जगभर पसरलेल्या पेंटेकोस्टल पंथाचा उगम सामान्यतः अझुसापासून सांगितला जातो. पण मुक्तीतील मिनी एब्रम्स यांची पुस्तिका चिलीला पोहोचली आणि तेथे १९०९ च्या सुमारास स्वतंत्र चळवळ उभी राहिली. म्हणून अनेक इतिहासकार आता एक नव्हे, अनेक उगम मानतात. त्यांपैकी एक पुणे जिल्ह्यात आहे, आणि तेथे प्रार्थना करणाऱ्या मुली व विधवा मराठी होत्या.

२०.
सीमोर यांचे शिक्षण कसे झाले, हे जाणून घेण्यासारखे आहे. टेक्सासमधील ह्यूस्टन येथे चार्ल्स पार्हम बायबलचे वर्ग घेत. वर्णभेदाच्या कायद्यांमुळे सीमोर यांना वर्गात प्रवेश नव्हता; ते बाहेर, उघड्या दाराशी बसून शिकले. वर्गात वेगळ्या तरटावर बसणारे विद्यार्थी भीमराव आपल्याला ठाऊक आहेत. दोन खंडांतील हे दोन विद्यार्थी जवळपास एकाच काळातील. पुढे अझुसातील काळ्यागोऱ्यांची सरमिसळ पाहून पार्हम यांनी तिचा धिक्कार केला. १९१४ मध्ये बहुतांशी गोऱ्या पाळकांनी ‘असेंब्लीज ऑफ गॉड’ हा वेगळा संघ स्थापन केला. एका पंगतीत बसलेली माणसे काही वर्षांतच पुन्हा पांगली.

२१.
इकडे मराठी ख्रिस्ती मनातही अस्वस्थता वाढत होती. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. ख्रिस्ताला भेटण्यासाठी इंग्रजी सूर आणि इंग्रजी रिवाज कशाला हवेत, असा त्यांचा प्रश्न होता. अभंग, कीर्तन, भजन यांतून त्यांनी मराठी ख्रिस्ती भक्ती घडवली. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. १९१० च्या एडिंबरा परिषदेत दक्षिण भारतातील व्ही. एस. अझरैया यांनी याच दुखण्यावर बोट ठेवले होते : तुम्ही आम्हाला खूप काही दिलेत, आता मैत्री द्या. बेट्सी स्टॉकटन यांच्या करारातील ‘बरोबरीचे नाही’ हे कलम शतकभराने भारतीय आवाजात आव्हान देत होते.

२२.
१९३५-३६ मध्ये या कथेत एक विलक्षण वळण आले. भारतातील विद्यार्थी ख्रिस्ती चळवळीच्या निमंत्रणावरून चार कृष्णवर्णीय अमेरिकनांचे शिष्टमंडळ आले. हॉवर्ड थर्मन हे त्याचे प्रमुख. ज्या जागतिक विद्यार्थी-चळवळीच्या पायात कोल्हापूरच्या रॉबर्ट वायल्डर यांची वीट होती, तिच्याच वाटेने हे घडले. कोलंबोत एका कायदेपंडिताने थर्मन यांना रोखठोक विचारले की ज्या धर्माच्या लोकांनी तुमच्या पूर्वजांना गुलाम केले, त्याच धर्माचे प्रतिनिधी म्हणून तुम्ही येथे कसे? येशूचा धर्म वेगळा आणि त्याच्या नावाने उभी राहिलेली सत्ता वेगळी, अशा आशयाचे उत्तर थर्मन यांनी दिले. फेब्रुवारी १९३६ मध्ये बारडोलीत त्यांची गांधीजींशी भेट झाली. त्या प्रश्नाचा सविस्तर विचार त्यांच्या १९४९ च्या ‘जीझस अँड द डिसइनहेरिटेड’ या पुस्तकात आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पिढीवर त्याचा खोल ठसा उमटला.

२३.
जोतीरावांनी सुरू केलेली तुलना येथे थांबली नाही. १९१३ ते १९१६ या काळात डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना पत्र लिहिले. अमेरिकन कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांपुढे नेलेल्या निवेदनाची प्रत त्यांना हवी होती. १९७२ मध्ये मुंबईत ‘दलित पँथर’ उभी राहिली आणि तिने नाव घेतले ओकलंडच्या ब्लॅक पँथरकडून. जोतीरावांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना वंदन केले होते. शंभर वर्षांनंतर नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने लढणाऱ्या कृष्णवर्णीयांशीच थेट नाते जोडले. मधल्या दुभाष्याची गरज संपली होती.

२४.
अमेरिकेतील चर्चचे पुढे काय झाले? १९९५ मध्ये सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शनने गुलामगिरीतील आपल्या सहभागाबद्दल जाहीर माफी मागितली. स्थापनेनंतर बरोबर १५० वर्षांनी. २००० मध्ये मायकेल इमर्सन आणि ख्रिश्चन स्मिथ या समाजशास्त्रज्ञांनी ‘डिव्हायडेड बाय फेथ’ या पुस्तकात एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. गोरे सुवार्तावादी वंशभेदाकडे व्यक्ती-व्यक्तींमधील दुराव्याचा प्रश्न म्हणून पाहतात. मैत्री झाली, क्षमा मागितली की तो संपतो, असे त्यांना वाटते. घरे, शाळा, वेतन, तुरुंग यांतील रचना त्यामुळे नजरेआड राहते. दुसऱ्या नोंदीतील ‘प्रत्येक व्यक्ती’ हे शब्द येथे पुन्हा भेटतात. गंमत अशी की १८४५ मध्ये मालकाला वाचवण्यासाठी याच परंपरेला ‘रचना’ नीट दिसली होती.

२५.
आता आरसा आपल्याकडे वळवू. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. दलित ख्रिस्ती आणि मुस्लिम आजही बाहेर आहेत. धर्म बदलला की जात संपते, हा त्यामागचा तर्क. हा तर्क गावाने कधी मान्य केला नाही. चर्चच्या आतही विवाह ठरवताना जात विचारली जाते, हे उघड गुपित आहे. अमेरिकेच्या वर्णभेदावर तावातावाने बोलणारे आपण आपल्याच रचनेला मात्र ‘परंपरा’, ‘घरचा प्रश्न’, ‘आता कुठे राहिली जात’ अशा सबबी देतो. त्या सबबींची जातकुळी ब्रुकलिनच्या सभेतील युक्तिवादाचीच आहे.

२६.
मग मिशनऱ्यांचा संदेश खोटा होता काय? मला तसे वाटत नाही. नगरच्या एका पंगतीत बसलेल्या माणसांना जो सन्मान मिळाला तो खरा होता. मिरजेच्या रुग्णालयात वाचलेले प्राण खरे होते. पण समतेचा तो संदेश पूर्णत्वाला नेण्याचे काम बहुधा इतरांनी केले : बेट्सी स्टॉकटन, अमांडा स्मिथ, आयडा वेल्स, सीमोर, थर्मन यांनी तिकडे, जोतीराव, रमाबाई, टिळक, शाहू महाराज, बाबासाहेब यांनी इकडे. यांतील काही ख्रिस्ती होते, काही नव्हते. उपदेशकाने उच्चारलेला शब्द त्यांनी गांभीर्याने घेतला आणि तो उपदेशकालाही लागू करून पाहिला.

२७.
शेवटी एक विनंती. कोल्हापूर, मिरज, सांगली, इस्लामपूर, नगर या पट्ट्यात मिशनच्या जुन्या शाळा, दवाखाने, स्मशानभूमी आजही आहेत. त्यांच्या कोनशिलांवर मिशनऱ्यांची नावे वाचायला मिळतात. त्यांच्याबरोबर काम केलेल्या स्थानिक शिक्षिका, पाळक, परिचारिका, गाडीवान यांची नावे मात्र घराघरांतील आठवणींत आणि चर्चच्या नोंदवह्यांत पडून आहेत. तुमच्या परिसरात अशी वास्तू असेल, आजी-आजोबांकडे अशी आठवण असेल, तर संबंधितांची परवानगी घेऊन ती नोंदवून ठेवा. या इतिहासाचा अर्धा भाग अजून लिहिला जायचा आहे.